मुरूम, कातळ आणि घसारा: नाशिकच्या वाटांवर माउंटन बाइक

पहिला दिवस: गंगापूर धरणाचा काठ

नाताळच्या सुट्टीत भाची पुण्याहून आली ती नवी माउंटन बाइक घेऊनच. अंजनेरीचा पायथा, पहिने, पुढे वैतरणेपर्यंत असा बेत तिने फोनवरच ठरवून टाकला होता. मी होकार दिला, पण अट घातली की पहिल्या दिवशी डोंगर नाही. "मावशी, मी पुण्यात रोज टेकडीवर जाते गं," ती म्हणाली. तरी आम्ही सकाळी सोमेश्वरावरून गंगापूरच्या दिशेने निघालो. थंडी इतकी होती की ब्रेकवर बोटं नीट वळत नव्हती. अशा वेळी पूर्ण बोटांचे हातमोजे लागतातच. पडल्यावर माणूस आधी हात टेकतो, तेव्हाही तळव्याची कातडी तेच वाचवतात.

गंगापूर रोडवर पहाटे सायकलवाल्यांची रांग असते. नाशिकला सायकलचं वेड जुनं आहे. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या इथल्याच भावांनी 2015 साली 'रेस अक्रॉस अमेरिका' दोघांच्या संघाने पूर्ण केली. अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची ही शर्यत साधारण 4,800 किलोमीटरची असते. अशा गावात दम वाढवायला सोबत आणि प्रोत्साहन भरपूर मिळतं. डांबर सोडून पाऊलवाटेवर उतरलं की मात्र दमाच्या जोडीला वेगळं शिक्षण लागतं. रस्त्यावर पृष्ठभाग मैलोन्मैल तोच असतो. आपल्या डोंगरांत तो दहा पावलांवर बदलतो: आधी मोकळा मुरूम, मग काळ्या मातीत वाळलेले गुरांचे खूर, लगेच उघडा कातळ आणि उतारावर घसारा, म्हणजे पायाखालून घसरणारे सुटे दगडगोटे. पायाखालची जमीन वाचता येणं हेच इथलं मुख्य कौशल्य आहे असं माझं पक्कं मत आहे. ते सावकाश फिरूनच येतं.

धरणाच्या फुगवट्याजवळ मोकळं, जवळपास सपाट माळरान मिळालं. तिथे आधी सायकल तपासली. दोन्ही चाकांचे अ‍ॅक्सल घट्ट आहेत का, पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवली तर हँडलच्या मुळाशी खटखट येते का, लिव्हर मुठीपर्यंत तर दाबली जात नाही ना, चेन अडकते का. पाच मिनिटांचं काम, पण निघण्याआधी रोज करायचं. तिच्या टायरमध्ये दुकानातच ठासून हवा भरली होती, अंगठ्याने दाबले तर दबेनात. डांबरावर अशी हवा चालते. दगडांच्या वाटेवर मात्र टायर उडत राहतो आणि जमीन धरतच नाही. तिचं वजन 58 किलो आणि टायर 2.2 इंची, आत ट्यूब. पुढे 24 आणि मागे 27 पीएसआय (पंपावर दिसणारं हवेच्या दाबाचं माप) ठेवली. याहून फार कमी केली तर ट्यूब रिम आणि दगडाच्या मध्ये चिमटून शेजारी शेजारी दोन भोकं पडतात, म्हणून हवा उतरवायची ती मोजून, अंदाजाने नाही. ट्यूबलेस टायरात सीलंट, म्हणजे भोक आतून बुजवणारा द्रव, असेल तर आणखी थोडी कमी चालते आणि बाभळीचे काटे, गोखरू यांचा त्रासही बराच टळतो. हिवाळ्यात आपल्याकडे गोखरू सगळीकडे पसरलेलं असतं. सीलंट नसेल तर दोन जादा ट्यूब सोबत असू द्याव्यात.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहिते, कारण नव्या मुलांचे पालक मला हेच विचारतात. जाड टायर आणि पुढे सस्पेन्शन दिसलं म्हणून दुकानातली प्रत्येक सायकल डोंगरात न्यायच्या लायकीची नसते. स्वस्त गाड्यांचं सस्पेन्शन दिखाऊ असतं आणि फ्रेम उड्यांचे धक्के सोसायला बनवलेली नसते. अशा सायकलवर गाडीवाटा खुशाल फिराव्यात, उतारावरच्या खडकाळ पायवाटा टाळाव्यात. पैसे बेताचे असतील तर ते आधी चांगल्या डिस्क ब्रेकवर, टायरवर आणि हेल्मेटवर घालावेत. गिअर कमी असले तरी चालतात.

मग उभं राहण्याचा सराव. दोन्ही पायडल एका पातळीत, टाचा किंचित खाली, गुडघे सैल, कोपरं बाहेर, छाती हँडलकडे झुकलेली, बूड सीटवरून उचललेलं. उतार आला की बूड जितकं मागे नेता येईल तितकं न्या असं अनेक जण शिकवतात. मला ते पटत नाही. फार मागे गेलं की पुढचं चाक हलकं होतं आणि वळवायच्या वेळी ऐकत नाही. शरीराचा सगळा भार पायांत उतरला पाहिजे आणि हातांवर फक्त दिशा देण्याचं काम राहिलं पाहिजे. खूण सोपी आहे: तळवे दुखायला लागले तर भार हातांवर आलाय आणि मांड्या भरून आल्या तर तो योग्य जागी आहे.

दुपारपर्यंत आम्ही एवढंच केलं. ब्रेकवर एकच बोट, तर्जनी, बाकीची बोटं मुठीवर. धावत्या सायकलचा वेग दुप्पट झाला की थांबायला लागणारं अंतर चौपट होतं, हे तिने बारावीत शिकलेलं होतं. मी मातीत काटकीने रेघ ओढली आणि वेगवेगळ्या वेगाने येऊन तिथून पुढे किती अंतरात थांबता येतं ते पाहायला सांगितलं. पुढचा ब्रेक दाबायला ती घाबरत होती. खरं तर ब्रेक लावला की भार पुढच्या चाकावर जातो, म्हणून थांबवण्याची बहुतेक ताकद पुढच्याच ब्रेकमध्ये असते. नुसता मागचा दाबला तर चाक अडकतं, फरफटतं आणि सायकल थांबत नाही. दोन्ही ब्रेक हळूहळू वाढत्या दाबाने, सायकल सरळ उभी असताना आणि वळणाच्या आधी. हे शेवटचं मी तिला इतक्या वेळा सांगितलं की ती माझ्या आधीच म्हणायला लागली.

दुसरा दिवस: रामशेजच्या पायथ्याशी

म्हसरूळवरून चामर लेण्यांच्या डोंगराजवळून आशेवाडी गाठली. समोर रामशेज. मुघल फौजांनी 1682 मध्ये या किल्ल्याला वेढा घातला आणि तो वर्षानुवर्षं हाती आला नाही. खालून पाहिलं तर एवढासा दिसतो, पण कातळकडा बघितला की कारण कळतं. गडावर पायऱ्या आहेत, मंदिर आहे, लोकांची ये-जा असते. तिथे सायकल न्यायची नाही. आम्हाला हव्या होत्या त्या पायथ्याच्या सोंडेवरच्या ढोरवाटा. पलीकडच्या बोरगडाच्या बाजूलाही आम्ही वळलो नाही. 2008 पासून ते संवर्धन राखीव क्षेत्र आहे, शिवाय तिथे हवाई दलाचं ठाणं आहे. दोन्ही गोष्टींचा मान ठेवायला हवा.

पायथ्याला जाताना द्राक्षबागांच्या कडेने गेलो. बाग फुलून घड धरलेले, फवारणी चालू. फवारा सुरू असेल तर लांब थांबावं आणि ट्रॅक्टर पुढे जाऊ द्यावा. त्याहून मोठा धोका तारांचा असतो. मांडवाला ताण द्यायला ओळीच्या टोकाच्या खांबापासून जमिनीपर्यंत तिरकी तार ओढलेली असते आणि काही बागांत ती अगदी वाटेच्या कडेला येते. सकाळच्या कोवळ्या उन्हात ती दिसतच नाही. बांधावरून वेगाने जाणाऱ्याच्या पायात किंवा हँडलमध्ये ती अडकली तर काय होईल हे सांगायला नको. बागेच्या कडेला माणसाच्या चालीने जायचं, एवढाच नियम आम्ही पाळला. एके ठिकाणी म्हातारबाबांनी हात केला, "पोरींनो, तिकडनं नका जाऊ, रातीच पाणी दिलंय." आम्ही उतरलो, सायकली खांद्यावर घेतल्या आणि बांधावरून गेलो. ओल्या काळ्या मातीत चाक घातलं की शेताचं नुकसान होतं, टायर आणि फ्रेमच्या मध्ये चिखल ठासून चाकही बसतं. पायवाट गावाची आहे, आपण पाहुणे आहोत.

चढाला तिची गाडी दोनदा अडली. कारण एकच: गिअर उशिरा बदलला. चढ लागण्याआधी, पायावर जोर नसतानाच हलका गिअर टाकायचा. जोर लावून बदलला तर चेन कडकडते आणि तुटूही शकते. मुरमाच्या चढावर उभं राहून पायडल मारलं की मागचं चाक जागेवर फिरतं, म्हणून बसूनच, सीटच्या पुढच्या टोकावर सरकायचं, छाती खाली, कोपरं पोटाकडे. नजर चाकाच्या पुढच्या दगडावर ठेवायची नाही. ज्या दगडाकडे बघाल त्याच्यावरच जाल. दगडाशेजारच्या मोकळ्या जागेकडे बघायचं, म्हणजे हात आपोआप तिकडे वळतात.

उताराला लागण्याआधी सीट चार बोटं खाली केली. तिच्या सायकलला ड्रॉपर, म्हणजे चालवताना बटणाने खाली-वर होणारा सीटचा दांडा, नाही, हाताने लिव्हर सोडून करावं लागतं, आणि मुलं नेमका याचाच कंटाळा करतात. सीट वर राहिली तर ती मागून ढकलत राहते आणि शरीराला हलायला जागाच मिळत नाही. मग मी तिला सायकल ठेवून सगळी वाट पायी उतरायला लावली. अर्धा तास गेला त्यात. वाटेत तिने स्वतःच दाखवलं: इथे कातळावर बारीक मुरूम सांडलाय, इथे पावसाच्या पाण्याने घळ पडलीय, इथे सुकलेल्या गवताखाली दगड लपलेत. डिसेंबरचं वाळलेलं गवत फसवं असतं. पावसाळ्यात कातळावर शेवाळ असतं ते निदान हिरवं तरी दिसतं. आता मुरूम सैल होऊन छोट्या गोट्यांसारखा चाकाखाली फिरतो आणि डोळ्यांना मात्र जमीन कोरडी, भरवशाची वाटते. खुरांचे खड्डे तर वाळून इतके टणक होतात की चाक त्यांत बसलं की काढता येत नाही.

"मावशी, या पायरीवरून मी नाही उतरणार," एका गुडघाभर कातळपायरीजवळ ती म्हणाली. मला त्या वाक्याचा फार आनंद झाला. पायरी कुठे संपते, खाली किती सपाट जागा आहे, चुकलो तर कुठे पडू, या तिन्हींचं उत्तर वरून दिसत नसेल तर उतरून चालायचं. चांगले सायकलपटू खूप वेळा चालतात. पाहणारे हसतील म्हणून पायरीवरून जाणाऱ्याला अजून वाट वाचता येत नाही.

बाकीचा उतार ती सुंदर उतरली. सरळ तुकड्यावर वेग कमी, वळणाला ब्रेक सोडलेले, बाहेरचा पाय खाली दाबलेला, नजर वळणाच्या पलीकडे. लांब उतारावर ब्रेक सतत घासत ठेवू नयेत. डिस्क तापते आणि ब्रेकची पकड कमी होते. दाबायचं, वेग मारायचा, सोडायचं. खाली आल्यावर मिसळ खाल्ली आणि उन्हं तापायच्या आत घरी.

तिसरा दिवस: अंजनेरी

त्र्यंबक रस्त्याने अंजनेरीपर्यंत साधारण 20 किलोमीटर. या रस्त्याला वाहनं भरपूर, म्हणून दिवसाही मागचा लाल दिवा चालू ठेवला आणि एकामागे एक गेलो. सोबत दोघींना मिळून चार लिटर पाणी, गूळ-शेंगदाण्याचे लाडू, पंप, ट्यूब, चेन जोडायचं हत्यार, बँडेज, शिट्टी. घरी ताईला वाट सांगून ठेवली होती आणि दुपारी दोनला फोन करायचं ठरलं होतं. डोंगराच्या कुशीत रेंज जाते. फोन आला नाही तर कोणाला, कुठे शोधायला पाठवायचं हे घरी माहीत हवं. रुग्णवाहिकेसाठी 108 आणि पोलीस किंवा इतर मदतीसाठी 112, हे नंबर तिच्याकडून पाठ करून घेतले. कुलूपबंद फोनच्या आतली यादी बेशुद्ध माणसाच्या कामाची नाही, म्हणून हेल्मेटच्या आत नाव, रक्तगट आणि घरचा नंबर लिहिलेली चिठ्ठी चिकटवली.

वरचं पठार बघायची तिला फार इच्छा होती. ते आम्ही पायी बघितलं, सायकली गावात एका घरी ठेवून. या पठाराबद्दल मला मनापासून सांगायचंय. अंजनेरीच्या पठारावर मातीचा थर अगदी पातळ आहे आणि त्यात कंदीलपुष्पाची एक जात वाढते. 2006 मध्ये तिचं नाव या डोंगरावरूनच ठेवलं गेलं, सेरोपेजिया अंजनेरिका. उन्हाळ्यात, हिवाळ्यात ती जमिनीखाली कंदाच्या रूपात असते, वर काहीच दिसत नाही. मोकळं माळरान समजून कोणी चाकं फिरवली तर खालचे कंद उघडे पडतात. कड्यांत लांब चोचीची गिधाडं घरटी करतात आणि त्यांचा विणीचा हंगाम हिवाळ्यातच असतो. आरडाओरडा, स्पीकर, कड्याजवळ ड्रोन यांनी त्यांना त्रास होतो. माउंटन बाइकला डोंगर खुले राहावेत असं वाटत असेल तर काही डोंगर आपणच सोडून द्यायला हवेत. वनखात्याने पाटी लावेपर्यंत थांबायची गरज नाही.

उतरून आल्यावर पायथ्याच्या गाडीवाटेने त्र्यंबकच्या दिशेला निघालो. नवरा-नवरीचे सुळके मागे पडले. पुढे एक पोरगं शेळ्या घेऊन येत होतं. शेळ्या दिसल्या की पूर्ण थांबायचं, घंटी वाजवत मधून घुसायचं नाही. शेळी बिचकली की कुठेही पळते, आणि मागे राखणीचा कुत्रा असतोच. कुत्रा अंगावर आला तर उतरून सायकल मध्ये धरायची आणि हळू चालत राहायचं. पळाल तर तो मागे लागतो.

ती पडली ती अवघड जागी नव्हे. सगळं अवघड संपलं होतं, दोघी दमलो होतो, त्र्यंबक जवळ आलं होतं. रुंद गाडीवाटेवरचं साधं डावं वळण. वेग थोडा जास्त झाला, वळणाच्या मध्यावर तिने पुढचा ब्रेक दाबला आणि मुरमावर चाक सटकलं. कोपर सोललं आणि हेल्मेट दगडावर आपटल्याचा आवाज मला मागून ऐकू आला.

तेव्हा काय केलं ते क्रमाने लिहिते, कारण हे प्रत्येकाला यायला हवं. आधी माझी सायकल वाटेच्या वरच्या बाजूला आडवी टाकली, म्हणजे मागून येणारा थांबेल. तिला लगेच उठवलं नाही. मान दुखते का, हातापायांची बोटं हलतात का, मुंग्या येतात का, ते पडल्या जागीच विचारलं. मान दुखत असती तर तिला हलवलं नसतं, मान स्थिर धरून 108 ला फोन केला असता. ती ठीक होती. सावकाश बसवलं. मग आज वार कोणता, सकाळी काय खाल्लं, कुठून निघालो. उत्तरं बरोबर आली. डोकं दुखणं, मळमळ, चक्कर, उजेड नकोसा होणं, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणं, यातलं एकही लक्षण दिसलं तर त्या दिवशी सायकल संपली आणि डॉक्टर गाठायचे. लक्षणं काही तासांनीही उमटतात, म्हणून डोक्याला मार बसलेल्याला त्या रात्री एकटं ठेवू नये. उलट्या होऊ लागल्या, बोलणं अडखळलं, झोपेतून जागं करता आलं नाही तर वेळ न घालवता रुग्णालय. कोपराची जखम स्वच्छ पाण्याने भरपूर धुतली. मुरमाचे कण आत राहिले तर जखम चिघळते. धनुर्वाताचं इंजेक्शन तिने त्याच वर्षी घेतलेलं होतं.

टेकायला ती वाटेच्या कडेच्या दगडांच्या रचलेल्या बांधाकडे वळली, तिला मी थांबवलं. अशा दगडांच्या सांदीत फुरसं बसतं. बघितल्याशिवाय हात घालायचा नाही, बसायचंही नाही. दंश झालाच तर आवळून बांधणं, कापणं, चोखणं यांपैकी काही नको. अवयव स्थिर ठेवून लवकरात लवकर प्रतिविष असलेल्या रुग्णालयात न्यायचं.

उरलेली वाट आम्ही सायकली हातात धरून चालत गेलो आणि रात्री त्र्यंबकला मुक्काम केला. ताईला फोन दुपारी दोनऐवजी अडीचला झाला, तेवढ्यात तिचे चार मिस्ड कॉल येऊन गेले होते. ठरवल्याप्रमाणे घरी कोणीतरी लक्ष ठेवून होतं, याचा मला दिलासा वाटला.

चौथा दिवस: परत

सकाळी तिचं डोकं अजिबात दुखत नव्हतं, भूक चांगली होती. पहिने इथून जवळ, भाताची खाचरं कापून मोकळी झालेली, म्हणजे वाट ऐन बहरात. ती तयार होऊन बसली होती. मी हेल्मेट उन्हात धरून दाखवलं: बाहेरचं कवच फक्त खरचटलेलं, पण आतला फोम केसाएवढ्या रेघेने फाटलेला. हेल्मेटचा फोम चिरडून धक्का शोषतो आणि हे काम तो एकदाच करतो. चीर दिसली नाही तरी मोठ्या आपटण्यानंतर हेल्मेट बदलायचं. त्र्यंबकमध्ये चौकशी केली, सायकलचं चांगलं हेल्मेट मिळालं नाही.

"मी हळू जाईन ना मावशी, एकही उतार नाही करणार."

नाही म्हटलं. काल पडली तीही उतारावर नव्हे. थोडा वेळ ती रुसली आणि मी तिला रुसू दिलं. पिकअपवाल्याशी भाडं ठरवून दोन्ही सायकली मागे बांधल्या.

नाशिकला आल्यावर आधी डॉक्टरांकडे, मग सायकल उलटी करून तपासणी. पडल्यानंतर नुसतं हँडल सरळ करून निघणं धोक्याचं असतं. हँडलला, फ्रेमच्या जोडांना चीर आहे का ते कापडाने पुसून पाहिलं. डिस्क चाकाबरोबर फिरताना वाकडी घासते का, पुढचं चाक डोलतं का, स्पोक सैल झालेत का, हेही. मागचा डिरेलर, म्हणजे गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग, आतल्या बाजूला किंचित वळलेला होता. तसंच चालवून हलका गिअर टाकला असता तर तो स्पोकमध्ये गेला असता. तो ज्या छोट्या तुकड्यावर बसतो तो हँगर मुद्दाम मऊ धातूचा केलेला असतो, म्हणजे वाकला तर तो वाकेल, फ्रेम वाचेल. प्रत्येक सायकलचा हँगर वेगळा. दुकानदाराने मॉडेल बघून मागवून दिला, आणि भाचीने दोन घेतले, एक पिशवीत कायमचा ठेवायला. नवं हेल्मेट तिने स्वतः निवडलं: भुवईच्या वर दोन बोटं, हनुवटीच्या पट्ट्यात एक बोट जाईल एवढी जागा, डोकं जोरात हलवलं तरी न सरकणारं. पहिनेची वाट आम्ही मकर संक्रांतीला धरली आहे. त्याआधी तिने पुण्यात रोज अर्धा तास मोकळ्या मैदानावर वळणाचा सराव करायचा, ब्रेक वळणाआधी, असं ठरलं आहे.